लीळाचरित्राचे कर्तृत्व : एका जिज्ञासू मंडळीचे गद्य

लीळाचरित्र हा मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ असून म्हाइंभट हे त्याचे कर्ते होत, हे विधान वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांतून इतक्या वेळा आले आहे की, त्याची फेरतपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. विधानाचा पूर्वार्ध वादातीत आहे. उत्तरार्ध मात्र 'कर्ता' या शब्दाचा अर्थ आधी निश्चित केल्यावाचून स्वीकारता येत नाही. म्हाइंभटांनी प्रसंग कल्पिले नाहीत. त्यांतील पुष्कळसे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेही नाहीत. ते त्यांनी विचारून घेतले, ताडून पाहिले आणि लिहून ठेवले. ज्यांना विचारले त्यांनीही ते प्रसंग एकेकट्याने नव्हे, तर परस्परांच्या सहवासात अनुभवले होते. म्हणून या ग्रंथाच्या निर्मितीकडे एका व्यक्तीची लेखनकृती म्हणून न पाहता, एकाच ध्यासाने एकत्र आलेल्या मंडळीने परस्परांकडून शिकण्याची जी रीत घडविली तिचे लिखित रूप म्हणून पाहिले, तर त्याच्या गद्याची कित्येक वैशिष्ट्ये अधिक स्पष्टपणे उलगडतात. या दृष्टीचा लाभ कोणता आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. प्रसंग आणि पद्धती

चक्रधरस्वामी इ. स. १२७४ च्या सुमारास अनुयायांमधून निघून गेले, असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर विखुरलेली मंडळी ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात हळूहळू गोळा झाली. नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास त्यांचे अग्रणी होते. महदाइसेसारख्या वयाने व अधिकाराने वडील अशा स्त्रियाही तेथे होत्या. गुरू दिसत नाही, पण त्याचे बोलणे प्रत्येकाच्या मनात अंशाअंशाने शिल्लक आहे, अशी ही स्थिती होती. नागदेव त्या प्रसंगांचे नित्य स्मरण करीत. म्हाइंभटांच्या मनात ते लिहून ठेवावे असे आले आणि नागदेवांच्या अनुज्ञेने त्यांनी कामास आरंभ केला. ऋद्धिपूर येथील वाजेश्वरी हे स्थान परंपरेने या लेखनाशी जोडलेले आहे. ग्रंथाचा काळ इ. स. १२७८ च्या सुमाराचा सांगितला जातो. काही अभ्यासक तो सुमारे दशकभर पुढे नेतात.

म्हाइंभट हे मूळचे सराळ्याचे विद्वान पंडित. चक्रधरांकडे ते प्रथम आले ते शिष्य म्हणून नव्हे, तर वाद करून जिंकण्याच्या ईर्ष्येने. शास्त्रार्थात प्रतिपक्षाला निरुत्तर करणे ही ज्याची विद्या, त्याने उत्तरायुष्यात गावोगाव फिरून, स्वतःहून कितीतरी कमी शिकलेल्या माणसांना 'त्या दिवशी काय झाले' असे विचारीत बसावे, हा पालट केवळ भावनिक नाही. तो ज्ञानाच्या साधनाविषयीचा पालट आहे. वादात प्रमाण म्हणजे ग्रंथवचन आणि तर्क. या नव्या उद्योगात प्रमाण होते ते त्या जागी हजर असलेल्या माणसाची आठवण. तेथे पंडिताचे वजन चालत नव्हते. ज्या प्रसंगी नागदेवही उपस्थित नव्हते, त्या प्रसंगापुरता एखाद्या साध्या बाईचा शब्द आचार्यांच्या शब्दाहून अधिक मोलाचा ठरे.

ग्रंथाच्या तीन विभागांवरून ही गोष्ट पडताळून पाहता येते. 'एकांक' हा चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा भाग. तेव्हा त्यांच्याजवळ अनुयायी नव्हते. म्हणून तेथील हकिगती मुख्यत्वे चक्रधरांनीच पुढे प्रसंगोपात्त सांगितलेल्या आणि ऐकणाऱ्यांनी लक्षात ठेवलेल्या आहेत. 'पूर्वार्ध' व 'उत्तरार्ध' या भागांत मात्र मंडळी भोवती आहे. या भेदाचा परिणाम गद्यावर उमटला आहे. एकांकातील कथनाचा पल्ला मोठा आहे, अद्भुताचा अंश अधिक आहे आणि तपशील विरळ आहेत. पुढील भागांत अद्भुत ओसरते आणि रोजच्या जगण्याचे बारकावे दाटतात. कोणत्या देवळात बिढार होते, कोण कोठे बसले होते, कोणी काय आणले, कोण कोणावर रुसले, हे सारे नोंदले जाते. लेखणी तीच असूनही पोत बदलतो. कारण सांगणारे बदलले आहेत. एकांकामागे एकच स्मृती आहे आणि तीही ऐकीव. पुढील भागांमागे अनेक स्मृती आहेत आणि त्या एकमेकींना पारखून घेत आहेत.

२. प्रश्नाचे गद्य

एकेक लीळा घडणीने लहान असते. स्थळ येते, वेळ येते, कोणीतरी काही करतो किंवा विचारतो, स्वामी उत्तर देतात आणि बहुधा तेथेच लीळा संपते. तात्पर्य सांगण्यासाठी लेखक थांबत नाही. या आटोपशीरपणाला समीक्षकांनी म्हाइंभटांची शैली म्हटले आहे व ते चूक नाही. तथापि या शैलीचे मूळ काही अंशी साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नात आहे, असे म्हणण्यास जागा आहे. कोठे, केव्हा, कोण होते, काय म्हणाले, मग काय झाले, या क्रमाने विचारले असता जे उत्तर येते, त्याचा सांगाडा आणि लीळेचा सांगाडा हे मोठ्या प्रमाणावर सारखे आहेत.

वेळ नोंदण्याची रीत या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. पूजावसर, विहरण, आरोगणा, पहुड अशा नित्यक्रमाच्या संज्ञांवर बहुतेक प्रसंग टांगलेले असतात. भक्तिभावाने गुरूच्या दिनचर्येला दिलेले हे महत्त्व होय, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण हीच चौकट आठवणींच्या पडताळणीचेही साधन आहे. 'एकदा स्वामी असे म्हणाले' ही आठवण तपासता येत नाही. 'अमुक गावी, अमुक देवळात, सकाळच्या पूजावसरानंतर विहरणास गेले असता म्हणाले' ही आठवण तपासता येते. कारण त्या वेळी तेथे आणखी कोण होते हे शोधून त्यास विचारता येते. ज्या मंडळीला एकमेकांकडूनच शिकावयाचे असते, तिला अशी सामाईक खूण लागतेच. पुढे चौदाव्या शतकात 'स्थानपोथी' हा स्थळांची तपशीलवार नोंद करणारा ग्रंथ सिद्ध होऊ शकला, त्याचे बीज या सवयीत आहे.

प्रश्न हा ज्याप्रमाणे संकलनाचा, त्याचप्रमाणे ग्रंथातील आशयाचाही गाभा आहे. चक्रधर आसनावर बसून सलग प्रवचन करीत आहेत, असे दृश्य लीळाचरित्रात तुलनेने थोडे. त्यांचे निरूपण बहुधा कोणाच्या तरी शंकेतून निघते, आणि ती शंका कोणाची हे ग्रंथ आवर्जून सांगतो. यात महदाइसेचे स्थान अनन्य आहे. सतत काही ना काही विचारणारी, चर्चा केल्याशिवाय न राहणारी बाई अशीच तिची ओळख पंथाच्या परंपरेने जपली आहे. तिने विचारावे आणि उत्तर भोवतीच्या सर्वांना मिळावे, असे अनेकदा घडते. तिचा प्रश्न ही तिची खाजगी मिळकत राहत नाही. पुढे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात 'धवळे' रचून ती मराठीतील आद्य कवयित्री ठरली. तिच्या काव्याचा गौरव पुष्कळ झाला आहे. परंतु मराठी गद्याच्या घडणीतील तिचा वाटा, म्हणजे प्रश्न विचारण्याचा वाटा, अद्याप पुरेसा मोजला गेलेला नाही.

ही गोष्ट केसोबासांच्या कार्याशी तुलना केली असता अधिक उठून दिसते. लीळांतील चक्रधरांची वचने निवडून केसोबासांनी 'सूत्रपाठ' सिद्ध केला. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ते काम थोर आहे. पण सूत्र होताना वचन प्रसंगापासून सुटते. विचारणारा नाहीसा होतो आणि उत्तर तेवढे उरते. उत्तर पाठ करता येते. मात्र ते कोणत्या अडचणीचे उत्तर होते हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग करता येत नाही. पुढे एकेका सूत्राचा मूळ प्रसंग सांगणारे 'प्रकरणवश' हे प्रकरण पंथात निर्माण व्हावे लागले, यावरून ही उणीव त्या मंडळीलाच जाणवली होती असे दिसते. सूत्रपाठ हा सिद्धान्ताचा ग्रंथ आहे, लीळाचरित्र हा शिकण्याचा ग्रंथ आहे, असा भेद केल्यास तो वावगा होणार नाही.

भाषेचा निर्णयही याच दिशेने झाला. म्हाइंभट व केसोबास दोघेही संस्कृतज्ञ होते, आणि केसोबासांनी संस्कृतात स्तोत्ररचना केलीही. तरी निरूपण संस्कृतात नेण्याच्या कल्पनेला नागदेवांनी विरोध केला आणि कारण दिले ते मंडळीतील वृद्ध स्त्रियांचे. त्या त्यापासून वंचित होतील. 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात ही हकिगत आली आहे. तिचा उल्लेख मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून नेहमी होतो. वस्तुतः तेथे भाषेच्या अभिमानापेक्षा एक व्यवहारी जाण अधिक आहे. ज्यांच्या आठवणींतून विद्या गोळा झाली, त्यांनाच ती परत वाचता किंवा ऐकता आली नाही, तर चूक झाली असता ती दाखविणार कोण?

३. मतभेदाची नोंद

अनेकांनी मिळून केलेल्या स्मरणाला एक धोका असतो. आठवणी जुळत नाहीत, तेव्हा त्या जुळविण्याचा मोह होतो. कोणत्याही पंथाला एकसंध चरित्र हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. लीळाचरित्राच्या हस्तलिखित परंपरेने हा मोह पुष्कळ ठिकाणी टाळला आहे. एकाच प्रसंगाची निराळी आठवण असेल तर ती 'वासना', 'शोध' अशा संज्ञांनी वेगळी नोंदलेली आढळते. काही ठिकाणी ती कोणाची हेही सांगितलेले असते. अशा सर्व नोंदी म्हाइंभटांच्या हातच्या नव्हेत. त्यांतील बऱ्याच पुढील काळातील पुनर्रचनेतून आल्या आहेत. तरीही त्या वेगळ्या ठेवण्याची शिस्त म्हाइंभटांच्या मूळ पद्धतीशी सुसंगत आहे. प्रसंग जर हजर असलेल्याच्या नावाने प्रमाण ठरत असेल, तर दोघे हजर असलेले दोन गोष्टी सांगू लागल्यावर एकाचे नाव खोडणे त्या पद्धतीत बसत नाही.

येथे चक्रधरांच्याच एका प्रसिद्ध दृष्टान्ताची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'दृष्टान्तपाठा'त जन्मांधांनी हत्ती चाचपून पाहिल्याची कथा आहे. ज्याच्या हाताला जो अवयव लागला त्यावरून त्याने हत्तीची कल्पना केली, आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटले. कथेत हा तंटा मिटतो तो डोळस मनुष्यामुळे. त्याला संपूर्ण हत्ती दिसत असतो, म्हणून प्रत्येकाचे म्हणणे कोणत्या अवयवाचे आहे हे तो सांगू शकतो. ऋद्धिपुरास जमलेल्या मंडळीची स्थिती या कथेहून अधिक अवघड होती. त्यांच्यातील डोळस निघून गेला होता. मागे उरलेल्या प्रत्येकाच्या हाती एकेक अवयव होता आणि संपूर्ण आकृती ठाऊक असल्याचा दावा करण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. अशा वेळी दोनच मार्ग राहतात. कोणीतरी डोळस असल्याची बतावणी करून हत्ती पुरा करावा, किंवा ज्याने जे चाचपले ते त्याच्या नावासह शेजारी शेजारी ठेवावे. लीळाचरित्र घडविणाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. त्या ग्रंथाची ऐतिहासिक विश्वसनीयता आणि त्याचे वाङ्मयीन सौंदर्य या दोहोंचे मूळ या निवडीत आहे.

या निवडीमुळेच ग्रंथातील माणसे जिवंत राहिली. बाइसा सेवेत अग्रेसर, पण स्वामींवर आपला हक्क सांगणारी आणि इतरांवर करवादणारी अशी दिसते. नागदेव पुढे आचार्य झाले. तरी त्यांचे पूर्वायुष्यातील भरकटणे आणि शिष्यदशेतील उतावळेपण झाकलेले नाही. स्वामींनी त्यांना वानराची उपमा दिल्याचेही ग्रंथात राहिले आहे. विशेष हे की, ज्यांनी या आठवणी सांगितल्या व तपासल्या त्यांत स्वतः नागदेव होते. आपल्या फजितीचा प्रसंग गाळण्याची सत्ता ज्याच्या हाती होती, त्यानेच तो राहू दिला. शिकणाऱ्यांच्या मंडळीत चूक ही लपविण्याची वस्तू नसून दुसऱ्याच्या उपयोगी पडणारी वस्तू असते, ही जाण त्यामागे असावी.

४. नाश आणि पुनरुद्धार

चौदाव्या शतकाच्या आरंभी, दिल्लीच्या फौजांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली असे परंपरा सांगते. ग्रंथ जर केवळ पोथीत असता तर तो तेथेच संपला असता. परंतु लेखनापूर्वी जशी ती मंडळी होती, तशी लेखनानंतरही होती. ज्यांनी ग्रंथ वारंवार ऐकला व घोकला होता त्यांच्या मुखातून तो पुन्हा उतरविण्यात आला. या कामात नागदेवांची शिष्या हिराइसा हिचे नाव अग्रभागी आहे. तिच्या स्मरणावरून सिद्ध झालेला पाठ तिच्याच नावाने ओळखला जातो. याशिवाय 'पिढीपाठ' व इतर पाठ निर्माण झाले आणि त्यांत भेद राहिले.

पाठचिकित्सेच्या रूढ कल्पनेनुसार ही सारी हकिगत म्हणजे एक आपत्ती होय. मूळ प्रत गेली, आता उरले ते अशुद्ध अवशेष, आणि संपादकाचे काम म्हणजे त्या अवशेषांतून मूळ प्रतीकडे जाणे. लीळाचरित्राच्या बाबतीत ही कल्पना अंशतःच लागू पडते. कारण येथे 'मूळ' म्हणून जे होते तेही अनेकांच्या आठवणींचे संकलनच होते. म्हाइंभटांनी जे एकदा केले, तेच पुढील पिढीने पुन्हा केले. पहिल्या वेळी प्रसंग आठवले गेले, दुसऱ्या वेळी ग्रंथ आठवला गेला; अंतर वाढले, पण रीत बदलली नाही.

५. मर्यादा

या मंडळीचे चित्र निर्दोष रंगविणे मात्र योग्य होणार नाही. पहिली मर्यादा अधिकाराची. आठवण कोणाचीही असो, ती ग्राह्य की अग्राह्य हे ठरविण्यात नागदेवांचा शब्द निर्णायक असे. त्यांनी स्वतःविरुद्धच्या गोष्टी राहू दिल्या हे खरे. पण जे राहू दिले नसेल ते आज कळण्यास मार्ग नाही. दुसरी मर्यादा श्रद्धेची. सांगणारे सर्व अनुयायी होते. चक्रधरांना विरोध करणाऱ्यांची बाजू ग्रंथात येते ती अनुयायांच्या तोंडूनच. एकाच ध्यासाची माणसे परस्परांच्या स्मृतीतील तपशिलाच्या चुका दुरुस्त करू शकतात. सर्वांनी मिळून गृहीत धरलेल्या गोष्टीतील चूक त्यांना सहसा दिसत नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर ठरली. चौदाव्या शतकात पंथाचे ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिण्याचा प्रघात पडला. रवळोबासांनी सिद्ध केलेली सकळ लिपी ही त्यांतील प्रमुख. सुंदरी इत्यादी इतरही लिपी होत्या. पवित्र ग्रंथांचे रक्षण हा हेतू त्यामागे होता आणि त्या काळाच्या संकटांत तो अनाकलनीय नाही. रक्षण झालेही. सात शतकांपूर्वीची मराठी इतक्या विपुल प्रमाणात टिकली, याचे श्रेय त्या लिपींना बरेचसे द्यावे लागेल. पण त्याबरोबरच, जी विद्या मोकळेपणाने विचारण्यातून जन्मली होती तिच्याभोवती भिंत उभी राहिली. आतील माणूस बाहेरच्याकडून शिकेनासा झाला आणि बाहेरच्याला आत काय आहे हेच कळेनासे झाले. गैरसमज वाढले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृती संशोधकांच्या प्रयत्नांनी आणि पंथातील काही महंतांच्या सहकार्याने हे साहित्य अभ्यासकांच्या दृष्टिपथात येईपर्यंत मराठी गद्याचा इतिहास त्याच्या पहिल्या पर्वाविनाच सांगितला जात होता. ज्या नागदेवांनी वृद्ध स्त्रियांसाठी संस्कृताचे दार लावून मराठीचे उघडले, त्यांच्याच परंपरेने पुढे मराठीला कुलूप घालावे, हा इतिहासातील विसंवाद नजरेआड करता येत नाही.

६. संपादकांपुढील प्रश्न

ह. ना. नेने यांनी १९३० नंतरच्या दशकात या ग्रंथाच्या मुद्रणास हात घातला, शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती १९६४ ते १९६७ या काळात, तर वि. भि. कोलते यांची १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. या तिघांच्या परिश्रमांवाचून आजचा कोणताही विचार शक्य झाला नसता. तथापि छापील ग्रंथाला एक पाठ वर आणि इतर पाठ खाली किंवा परिशिष्टात ठेवावे लागतात. ही मांडणी वाचकाच्या मनात नकळत एक समजूत रुजविते की, वरचे ते खरे आणि खालचे ते च्युत. एककर्तृक ग्रंथाला हे न्याय्य आहे. ज्ञानेश्वरीत श्रोत्यांचे अस्तित्व पदोपदी जाणवत असले तरी रचना एका प्रतिभेची आहे. तेथे त्या प्रतिभेच्या शब्दांपर्यंत पोहोचणे हेच संपादकाचे ध्येय असावयास हवे. लीळाचरित्रात मात्र तळटीपेत गेलेली 'वासना' ही पुष्कळदा लेखनिकाचा प्रमाद नसून दुसऱ्या साक्षीदाराची जबानी असते. तिला प्रमादाच्या रांगेत बसविणे म्हणजे मंडळीतील एका सभासदाला सभेबाहेर काढण्यासारखे आहे.

म्हणून या ग्रंथाच्या भावी संपादनात आणि अध्यापनात तीन गोष्टींकडे लक्ष पुरविणे अगत्याचे वाटते. प्रत्येक लीळेत उपस्थित कोण आणि प्रश्न कोणाचा, याची सूची व्हावी. पाठभेदांपैकी लेखनदोष कोणते आणि स्वतंत्र आठवणी कोणत्या, यांची विभागणी व्हावी. आणि पदव्युत्तर वर्गांतून सूत्रे वेचून शिकविण्याऐवजी लीळा संपूर्ण, तिच्या प्रश्नासह, वाचल्या जाव्यात. यांपैकी पहिले काम झाल्यास महदाइसा, आबाइसा, उमाइसा, साधें यांच्यासारख्या स्त्रियांचा या गद्यातील वाटा नेमका मोजता येईल, आणि मराठी गद्याच्या आरंभी कोण होते या प्रश्नाचे उत्तर आजच्याहून बरेच मोठे येईल.

म्हाइंभटांचे श्रेय यामुळे उणावत नाही. त्याचे स्वरूप मात्र पालटते. सांगणाऱ्याला त्याच्या अनुभवाचा धनी मानून त्याचे नाव राखणे आणि दोघांचे न जुळल्यास न जुळलेलेच लिहिणे, ही त्यांनी पाडलेली शिस्त आहे. पांडित्य असूनही ते आपल्या गद्यात कोठे पुढे येत नाहीत. वाद जिंकण्यासाठी आलेल्या या पंडिताने अखेर मराठीला जो ग्रंथ दिला, त्यात त्याचा स्वतःचा आवाज शोधून काढावा लागतो, आणि महदाइसेचा प्रश्न मात्र पहिल्याच वाचनात ऐकू येतो.